बाबूजींचा कान आणि काचेची मशीन

आमच्या घरात हळू बोलायची रीतच नव्हती. पवनीच्या घराच्या मागच्या अंगाला बाबूजींचा पितळेच्या भांड्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा एवढंच. एक भट्टी, वर पत्र्याचं छप्पर आणि ओळीने मांडी घालून बसलेले सात-आठ कारागीर. पण सकाळचा चहा चुलीवरून उतरायच्या आत तिथे हातोड्या सुरू व्हायच्या, त्या दिवेलागणीपर्यंत थांबायच्या नाहीत. पाणी भरायचे गुंड, हंडे, परातीसारखे रुंद कोपर, सगळं ठोकून ठोकून घडायचं, आणि त्या आवाजातच आम्ही जेवायचो, अभ्यास करायचो, भांडायचो. साधं 'मीठ दे' म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. पाहुण्यांना वाटायचं, यांच्यात काहीतरी बिनसलंय. पुढे लग्न होऊन मी नागपूरला एका शांत घरात गेले तेव्हा सासूबाईंनी चौथ्याच दिवशी यांना विचारलं होतं, हिला कमी ऐकू येतं की काय? मी आत जाऊन रडले. त्यांना वाटलं, अपमान झाला म्हणून रडते. कमी ऐकू येण्याचा विषय माझ्या फार आत कुठेतरी लागलेला होता, हे त्यांना कसं कळणार?

त्या काळी आमच्याकडे पितळेचं भांडं कुणी नुसतं डोळ्यांनी पाहून घेत नसे. दुकानदार गुंडाच्या काठाखाली एक बोट घालून तो अधांतरी धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या गाठीनं एकदाच ठोकायचा. गुंड घुमला पाहिजे. घुमत घुमत आवाज बारीक होत गेला म्हणजे भांडं चोख. मध्येच तुटला तर सांध्यात कुठेतरी केसाएवढी चीर आहे, तो परत भट्टीकडे. लेकीच्या आंदणाचा गुंड घ्यायला आसगावाहून, कुठून कुठून बायका यायच्या, त्या आधी आपलं कुंकू सारखं करायच्या, मग कान पुढे करायच्या आणि बाबूजी ठोकायचे. बाबूजींचा कान म्हणजे आमच्या दुकानाची मोहर. शेजारच्या दुकानात कुणी हंडा वाजवला तर हे इकडे पान लावता लावता म्हणायचे, "बुडाशी गेला तो." आणि तो खरंच बुडाशी गेलेला असायचा. शेजारचे दुकानदार त्यामुळे आमच्यावर खूष होते असं काही म्हणता येणार नाही.

सांधे जोडायचं काम सोमाजीचं. काळा, शिडशिडीत, कमी बोलणारा माणूस. बाबूजींच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला. त्याचा गुंड बाबूजींनी ठोकून 'हं' म्हटल्याशिवाय दुकानात येत नसे, आणि त्या एका 'हं'साठी सोमाजी हातातलं काम थांबवून मान वर करून बसायचा. इतकी वर्षं झाली होती तरी बसायचा.

बाबूजींचं दुसरं वेड गाण्यांचं. माडीवरच्या खोलीत जुना काचेच्या दिव्यांचा, म्हणजे वाल्वचा, रेडिओ होता आणि त्यालाच जोडलेली तबकडी फिरवायची पेटी. तो रेडिओ मी दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कायमचा बसला, आणि बाबूजींनी जाहीर केलं की आता घरात स्टिरिओ येणार, दोन स्पीकरचा. सुतारानं सागवानी लाकडाच्या दोन पेट्या केल्यासुद्धा. प्रश्न राहिला आवाज मोठा करणाऱ्या मशीनचा.

आसगावच्या नत्थूजींनी ती मशीन स्वतःच्या हातानं बनवून आणली. नत्थूजी धानाच्या कापणीनंतर गावोगावच्या नाटकांना लाऊडस्पीकर लावायचे आणि बाकीचं वर्ष लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या मशीनचे दोन भाग होते, एक लहान डबी आणि एक मोठी. मी विचारलं, दोन कशाला? तर म्हणाले, "हे पाह्य बाई, सुईतून निंगते तो आवाज म्हंजे चिमूटभर पीठ. लहान डबी ते मळते. मोठी डबी भाजते. एकाच तव्यावर मळतो म्हणशीन तर जमन का?" प्रि-अ‍ॅम्प्लिफायर हा शब्द मी पुढे कॉलेजात वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर परातच आली. लहान डबीत करंगळीएवढे दोन वाल्व होते, मोठीत हाताच्या पंजाएवढे चार, आणि मागे काळा जड ट्रान्सफॉर्मर. मशीन सुरू केली की आधी काहीच ऐकू यायचं नाही. काचेच्या आत बारीक तार लाल व्हायची, मग नारिंगी, आणि तीस-चाळीस आकडे मोजून झाल्यावर आवाज दुरून चालत आल्यासारखा यायचा. ट्रान्सफॉर्मर सारखा घूं करत राहायचा.

दादाला हे अजिबात पसंत नव्हतं. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. नागपूरला दोन वर्षं राहून आलेला, आणि तिथून येताना दोन गोष्टी घेऊन आलेला. एक, ट्रान्झिस्टरचा चकचकीत अ‍ॅम्प्लिफायर, समोर हिरवे दिवे, बटण दाबताच आवाज. दुसरी, स्टीलची एक बादली. बादली त्यानं दुकानात मधोमध ठेवली होती आणि येणारी प्रत्येक बाई तिला हात लावून बघायची. त्याचं म्हणणं, कारखाना बंद करावा, भंडाऱ्याला दुकान घ्यावं आणि स्टील विकावं. बाबूजी म्हणायचे, "स्टीलले आवाज आहे का?" दादा म्हणायचा, "कोणाले पाह्यजे आवाज, बाबूजी? लोकाइले पाणी प्यायचं आहे." हे भांडण जेवताना व्हायचं, लाखोळीच्या डाळीचे वडे ताटात थंड व्हायचे, आणि आई दोघांकडे न बघता वाढत राहायची. आता त्या दोन मशिनी माडीवरच्या लांबलचक तखतावर शेजारी शेजारी आल्या आणि भांडण तिथे चढलं. काचेची घ्यायची की दादाची? खरं तर विचारायचं होतं, पितळ की स्टील. ते सगळ्यांना कळत होतं.

अमावस्येला कारागीर हातोडीला हात लावत नसत. त्या दिवशी घर इतकं शांत असायचं की आम्ही सगळे उगाच चिडचिडे व्हायचो. मशिनी ऐकायला तोच दिवस बरा म्हणून फाल्गुनाच्या अमावस्येला सकाळी बैठक ठरली. नत्थूजींनी तारा जोडल्या, मला सुई कशी ठेवायची ते दाखवलं आणि वड्यांचा वास आला म्हणून दादाबरोबर खाली स्वयंपाकघरात गेले. जाताना म्हणाले, "चालू करून ठेव, गरम होऊ दे." मी बटण दाबलं. बाबूजी तखतावर, मशिनींच्या शेजारी मांडी घालून बसले होते. मी तबकडीवर सुई ठेवली. बाबूजींनी डोळे मिटले, मान डोलवली, मांडीवर ताल धरला आणि म्हणाले, "वा! काय गोड आहे."

खोलीत सुईची बारीक किरकिर सोडली तर काहीही आवाज नव्हता. काचेतली तार नुकती लाल होत होती.

मी आधी हसले. बाबूजी गंमत करताहेत असं मला वाटलं. मग आवाज हळूहळू आला, वाढला, ठुमरी सुरू झाली, आणि बाबूजींचा हात मात्र आधीच्याच तालात मांडीवर पडत राहिला. गाण्याचा ताल वेगळा होता. त्या हाताकडे बघता बघता मी उठले. मी त्यांच्या पाठीमागे जाऊन हाक मारली, "बाबूजी." मग जोरात. मग सगळ्या ताकदीनं. ते वळले नाहीत. खालून आईनं ओरडून विचारलं, काय झालं वो? मी पुढे येऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी डोळे उघडले, माझा चेहरा बघितला आणि त्यांना सगळं कळलं. माझा बाप त्या वेळी किती घाबरलेला दिसला ते मी लिहू शकत नाही. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"कवापासून?" मी विचारलं. ओठ नीट हलवून विचारलं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"दोनक वर्स झाले असन. समोरून बोललं तं समजते. गुंड नाही समजत." मग माझं मनगट धरून म्हणाले, "दादाले सांगू नोको, कुंदे. कोणालेच नोको. दादाले समजलं तं उद्याच भट्टी इझवते तो."

मी नाही सांगितलं. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला होता, हे कबूल करते. सोळा वर्षांच्या मुलीवर घरातल्या कुणी एवढा भरवसा टाकलेला नसतो. तेव्हापासून मी दुकानात बाबूजींच्या मागे, गादीच्या कोपऱ्यावर बसू लागले. ते गुंड ठोकायचे, मी ऐकायचे. चोख असला तर पायाच्या अंगठ्यानं त्यांचं पाऊल एकदा दाबायचं, चीर असली तर दोनदा. धोतराच्या घोळात कुणाला दिसायचं नाही. मग ते म्हणायचे, 'हं', किंवा म्हणायचे, 'सोमाजी, हा घे परत.' एक गोष्ट मात्र माझ्या तेव्हा लक्षात आली, जी मी आधी कितीदा पाहूनही पाहिली नव्हती. बाबूजी आता गुंड बोटावर धरत नसत. डाव्या हाताचा पंजा त्याच्या पोटाला लावून धरत. असा हात लावला की भांडं नीट घुमत नाही. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे सांगेल; उरलेल्या आवाजावरच मला ओळखावं लागे. सोमाजी एकदा न राहवून म्हणाला, "मालक, बोटावर धरा ना जी." बाबूजींना तो काय म्हणाला ते कळलं नाही, ते नुसतेच हसले. सोमाजीनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कधी काही म्हटलं नाही. मला आज वाटतं, त्या माणसाला तेव्हाच सगळं उमगलं होतं.

मशिनीचा निकाल लागत नव्हता तो लागतच नव्हता. दर अमावस्येला बाबूजी म्हणायचे, अजून ऐकू द्या, घाई कायची आहे? नत्थूजी बिचारे सबुरीचे. येऊन वडे खायचे आणि जायचे. दादाचा पारा मात्र चढत गेला.

जूनमध्ये माझा निकाल लागला. मला सायन्स घ्यायचं होतं आणि त्यासाठी भंडाऱ्याला राहायला हवं होतं. दादा म्हणाला, फॉर्म मी आणतो. बाबूजी म्हणाले, पोरीच्या जातीनं एकटं राहायचं नाही. मी खोलीत त्यांना गाठलं आणि समोर उभी राहून, ओठ नीट हलवून विचारलं, "खरं सांगा, काहून नाही म्हणता?" ते म्हणाले, "दुकानात कोण बसन मंग?" इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. पोरीची जात वगैरे ऐकून मी भांडू शकले असते. याच्याशी कसं भांडायचं? मी त्या दिवशी जेवले नाही आणि दुसऱ्या दिवशी दुकानात बसून पाऊल दाबत राहिले. मला बापाची दया येत होती आणि रागही येत होता, आणि राग जास्त होता. दया आली की मी स्वतःला चांगली समजायचे; राग आला की वाटायचं, हा कान मी जन्मभर वाहायचा का?

ज्येष्ठाच्या अमावस्येला दादानं तोंड उघडलं. माडीवर सगळेच होते. नत्थूजी, आई, मी, आणि भट्टीची डागडुजी करायला आलेला सोमाजी, त्यालाही बाबूजींनी गाणं ऐकायला वर बोलावलं होतं. दादा म्हणाला, "तीन महिने झाले. दोन्हीत काही फरकच नाही, म्हणून तुमचं ठरत नाही." बाबूजी तडकले. "माह्या कानाले समजते फरक." दादा म्हणाला, "मंग डोळे मिटून सांगा. पाच डाव. पाचही बराबर सांगितले तं मी स्टीलचं नाव घेनार नाही. एक जरी चुकला, तं दिवाळीच्या आंदी भट्टी बंद." आई म्हणाली, "अरे, बापाची परीक्षा घेऊन राहिला का तू?" पण बाबूजींनी सोमाजीकडे पाहिलं. सोमाजी मान वर करून बसला होता, त्या 'हं'ची वाट पाहताना बसायचा तसाच. आणि बाबूजींनी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गरजच वाटली नसेल. मी तिथे होते, एवढं पुरेसं होतं.

नत्थूजींनी एक अट घातली. स्पीकर जोडल्याशिवाय काचेची मशीन चालू ठेवली तर तिचा ट्रान्सफॉर्मर जळतो, म्हणून एका वेळी एकच मशीन चालेल. दादा म्हणाला, ठीक आहे, पण मग ती गरम व्हायला लागणाऱ्या वेळावरून ओळख पटेल. तेव्हा दर डावाला, कुठलीही असली तरी, शंभर मोजून मगच आवाज उघडायचा. दादा हुशार होताच. बाबूजी तखताच्या एका टोकाला पाय खाली सोडून बसले, डोळ्यांवर उपरणं बांधलं, डावा हात तखताच्या फळीवर सपाट टेकवला. दुसऱ्या टोकाला दोन्ही मशिनी. मी तबकडीजवळ, जमिनीवर, त्यांच्या पावलांशी. पाऊल एकदा दाबलं तर काचेची, दोनदा तर दादाची, हे आम्हाला ठरवावंही लागलं नाही. आमच्या दुकानात एकदा म्हणजे चोख आणि दोनदा म्हणजे परत. आवाज उघडल्याचं मी अंगठा नुसता टेकवून कळवत होते आणि मग दाबत होते. पहिला डाव काचेचा. बाबूजींनी थोडा वेळ लावला, मान डोलवली, नाटक चांगलं वठवलं आणि म्हणाले, "काचेची." दुसरा दादाचा, तिसरा दादाचा, चौथा काचेचा. चारही बरोबर. नत्थूजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "याले म्हंतात कान!" दादाचा चेहरा उतरला. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही.

चहा आला. बाबूजी उपरणं न सोडताच चहा प्यायले. दादा माझ्याजवळ उकिडवा बसला आणि हातातल्या कपाकडे बघत म्हणाला, "तुह्यासाठी खोली पाहून आलो होतो मी, भंडाऱ्याले. कारध्याकडून पूल ओलांडला का लगेच. कॉलेज पायी जवळ पडते. जाऊ दे आता." एवढंच म्हणाला. मला फितवायला नाही म्हणाला. त्याला पायांचं काही माहीतच नव्हतं. तो आपला हरल्यासारखं बोलत होता.

पाचवा डाव. नत्थूजींनी शंभर मोजले. मी सुई ठेवली, त्यांनी आवाज उघडला. काचेची होती. शंकाच नव्हती; तिचा आवाज भरदार, थोडा उबदार, आणि गाणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा कळायचा. ट्रान्सफॉर्मर घूं करत होता. सगळे बाबूजींकडे पाहत होते. मी त्यांच्या पावलावर अंगठा टेकवला आणि दाबला. मग पुन्हा दाबला.

मी विचार करून केलं का? पन्नास वर्षं होत आली, मी स्वतःला हे विचारते आहे. पहिल्यांदा दाबला तेव्हा मी थांबू शकत होते. थांबले नाही. मला जायचं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं आणि अजूनही नाही.

चारही डावांना लावला होता त्याहून कितीतरी जास्त वेळ बाबूजींनी लावला. त्यांचा डावा पंजा फळीवर पसरलेला होता आणि बोटं किंचित हलत होती. गाणं संपत आलं. मग त्यांनी मान डोलवली आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "दादाची."

नत्थूजींनी खाली पाहून सुई उचलली. दादाही खूष दिसला नाही; 'बाबूजी, राहू द्या ना,' असं काहीतरी पुटपुटला, पण उपरणं अजून डोळ्यांवर असल्यामुळे ते बाबूजींपर्यंत पोचलं नाही. सोमाजी उठला, टोपी झटकली, घातली आणि जिना उतरून गेला. आई कपबशा गोळा करू लागली. तेवढ्या शांततेत कपबशांचा आवाज फार मोठा वाटत होता.

दिवाळीच्या आधी भट्टी थंड झाली. दादानं कारागिरांना विचारून कुठे कुठे कामाला लावून दिलं, पण सोमाजीला सांध्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. तो राईस मिलमध्ये पोती उचलायला लागला. केसाएवढी चीर बोटानं शोधणारा माणूस! एकदा सुट्टीत पवनीला गेले असताना तो मला मिलच्या दारात भेटला, अंगभर कोंडा, आणि अगदी मनापासून म्हणाला, "बाई, सायन्स चांगलं होऊन राहिलं ना?" मी हो म्हटलं. पुढे मी शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. दर वर्षी ध्वनीचा धडा यायचा, कंप पावणारी वस्तू, माध्यम, कान, आणि त्या दिवशी मी घरी येऊन कुणाशी बोलत नसे. घरच्यांना वाटायचं, घसा बसला.

भंडाऱ्याला खाली स्टीलचं दुकान आणि वर घर असं आमचं बस्तान बसलं. मशीन शेवटी काचेचीच ठेवली, आणि तीही दादानंच. म्हणाला, आवाज हिचाच चांगला आहे, मी काय खोटं बोलू? बाबूजींना ऐकू येत नाही हे वर्षभरात त्यालाही कळलं. तेव्हा तो माझ्यासमोर बसून खूप रडला, की मी बहिऱ्या बापाची परीक्षा घेतली. मी त्याला पाण्याचा तांब्या दिला. पायांचं सांगितलं नाही. ते त्याला कधीच सांगितलं नाही, आणि आता तो नाही.

बाबूजींना सांगायचं मात्र मी ठरवलं. कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. दुपारी घरी आले तर ते तखतावर मशीनशेजारी बसलेले, तबकडी फिरत होती, आणि त्यांचा डावा पंजा फळीवर. मी समोर जाऊन बसले. काय बोलायचं ते मी कॉलेजातून येतानाच जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "ऐकू येते का काही?"

"येते ना," ते म्हणाले. "हाताले येते. काचेची घुमते, लाकडातून समजते. दादाच्या मशीनले तेवढं नव्हतं." आणि हसले.

मी त्या पंजाकडे पाहिलं. त्या दिवशीही हात फळीवर होता. "बाबूजी," मी म्हटलं, "त्या पाचव्या डावाले..."

"काचेची होती," ते म्हणाले. "पाचही बार हाताले समजलं मले. तुह्या पायाच्या आंदी."

"मंग दादाची काहून म्हणले?"

"तू दोनदा दाबलं ना."

मी मान खाली घातली. त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली. माझे ओठ दिसावेत म्हणून केली असेल, किंवा त्यांचे मला दिसावेत म्हणून.

"आंदी वाटलं, तू चुकली," ते म्हणाले. "मंग वाटलं, तुहा कान काही चुकत नाही. पोरीले जायचं आहे. म्हटलं, जाऊ दे." गाणं संपून तबकडी नुसतीच फिरत होती, त्यांना ते हातानंच कळलं असावं, कारण त्यांनी वळून सुई उचलली आणि नीट जागेवर ठेवली. "पण एक ध्यानात ठेव, कुंदे. सोमाजीले दादानं नाही काढलं. आपन दोघाइनं काढलं."